सुरक्षा तपासणीपलीकडचा बाजार

धर्माबाद, विशेष प्रतिनिधी

धर्माबादच्या मोंढ्यात लाल मिरचीची आवक सुरू झाली की बाहेरगावच्या माणसाला शिंका आवरत नाहीत. गावकऱ्यांना मात्र तो वास ऋतू पालटल्याची खूण वाटतो. येथील मिरची आणि तिचे तिखट मालमोटारींतून दूरदूरच्या बाजारपेठांत जाते. एकाच ठिकाणी त्याला मज्जाव आहे. विमानाच्या प्रवासी कक्षात, हातातल्या बॅगेतून, मिरचीपूड नेऊ दिली जात नाही. स्वयंपाकघरात जी वस्तू मसाला असते, ती सुरक्षा तपासणीच्या टेबलावर डोळ्यांत फेकण्याचे हत्यार ठरते.

हा नियम येथील एका कुटुंबाला कळला तो घरातला थोरला मुलगा नोकरीसाठी आखातात निघाला त्या दिवशी. आईने घरी कांडलेल्या तिखटाची पुडी मोठ्या बॅगेत न ठेवता त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत घातली होती. मोठी बॅग आपटते, पुडी फुटेल, कपडे लाल होतील, असा तिचा साधा हिशेब. एका मोठ्या विमानतळावर तपासणीच्या जवानाने ती पुडी बाजूला काढली. त्याच पिशवीतली भरलेली पाण्याची बाटली आणि दाढीच्या क्रीमची मोठी नळीही गेली. तपासणी ओलांडल्यावर त्याने समोरच्या दुकानातून पाणी घेतले, बिस्किटे घेतली. परदेशात तीन जाड चौकोनी पिनांचा प्लग लागतो हे शेजारी बसलेल्या सहप्रवाशाने सांगितले, म्हणून एक अ‍ॅडाप्टरही घेतला. 'दोन पाचशेच्या नोटा गेल्या आणि हातात आलं काय तर मुठीत मावेल एवढं,' असे त्याने तिकडून फोनवर सांगितल्याचे त्याचे वडील सांगतात. पहिला पगार हाती पडण्यास अजून सव्वा महिना होता.

गोष्ट लहान आहे. परंतु शहरी वाचकाला ज्याची आता सवय होऊन गेली आहे, त्या एका मोठ्या व्यवस्थेचे टोक या पुडीला चिकटलेले आहे. विमानतळावरील दुकानात अखेरच्या क्षणी घेतल्या जाणाऱ्या वस्तू इतक्या महाग का असतात, त्या महागाईचा पैसा जातो कोठे, आणि तो प्रत्यक्षात कोणाच्या खिशातून निघतो, हे प्रश्न धर्माबादसारख्या गावातून पाहिले तर मुंबई-पुण्यातून दिसतात त्यापेक्षा निराळे दिसतात.

धर्माबाद महाराष्ट्राच्या अगदी काठावर आहे. रेल्वेने थोडे पुढे गेले की बासर, म्हणजे तेलंगण. त्यापुढे निजामाबाद. जिल्ह्याचे ठिकाण नांदेड एका बाजूला आणि हैदराबादची ओढ दुसऱ्या बाजूला, अशा ताणात हा तालुका निजामाच्या काळापासून आहे. २०१८ मध्ये येथील काही गावांनी सोयीसुविधांच्या अभावाला कंटाळून तेलंगणात सामील होण्याची मागणी केली होती, तेव्हा राज्याला त्यांची क्षणभर आठवण झाली. निजामाबाद, जगित्याल, करीमनगर या पट्ट्यातून आखाती देशांत मजुरीला जाण्याची रीत जुनी आहे आणि सीमेलगतच्या मराठी गावांतही असे घर सापडते. याखेरीज शिक्षणासाठी परदेशी जाणारी मुले आहेत, बंगळुरूच्या कंपन्यांत नोकरी करणारी आहेत. या साऱ्यांचे विमान बहुधा शमशाबादहून, म्हणजे हैदराबादच्या राजीव गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावरून सुटते.

जवळच्या नांदेडला विमानतळ नाही असे नाही. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडचा विमानतळ नव्याने सजला. पुढल्याच वर्षी नांदेड, लातूर, यवतमाळ, बारामती आणि उस्मानाबाद हे पाच विमानतळ ९५ वर्षांच्या कराराने एका खासगी उद्योगसमूहाला देण्यात आले. पंचाण्णव वर्षे! त्यानंतरचा इतिहास येथील प्रवाशाला तोंडपाठ आहे. विमान सुरू होते, वृत्तपत्रांत छायाचित्र येते, आणि काही काळाने विमान बंद पडते. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतील पहिल्या उड्डाणांत नांदेड-हैदराबाद मार्गाचा समावेश होता. पंतप्रधानांनी सिमल्याहून त्यांचा प्रारंभ केला. ती सेवा देणारी 'ट्रूजेट' २०२२ मध्ये बंद पडली. २०२४ च्या मार्चअखेरीस 'स्टार एअर'ची विमाने येऊ लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीच्या कारणाने तीही थांबवावी लागली. अशा अनुभवानंतर धर्माबादचा माणूस नांदेडच्या वेळापत्रकावर विसंबून परदेशाचे तिकीट काढत नाही. तो रात्रीची गाडी धरतो किंवा चार जण मिळून जीप ठरवतो आणि सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर कापून शमशाबादला पोहोचतो.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे, की विमानतळावरील दुकानाचे गिऱ्हाईक या अंतरातूनच घडते. मुंबईतला माणूस घरून निघताना विसरलेली वस्तू वाटेतल्या दुकानात घेतो किंवा घरी फोन करून मागवतो. दोनशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाला तो मार्ग नाही. गाडी चुकेल, रस्त्यात टायर पंक्चर होईल, या धास्तीने तो सहा-सात तास आधीच पोहोचलेला असतो. त्याला भूक लागते, तहान लागते. मोबाइलची बॅटरी उतरते. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी या, असे विमान कंपन्या सांगतातच. एकदा सुरक्षा तपासणी झाली की मागे फिरता येत नाही आणि समोर असतात ती फक्त दुकाने. विमानतळाच्या व्यवसायात या तपासणीनंतरच्या वेळेला 'सोनेरी तास' असे नावच आहे. प्रवाशाचा ताण थोडा हलका झालेला असतो, हाती वेळ असतो आणि जवळपास दुसरा बाजार नसतो. नव्या विमानतळांची रचनाही अशी करतात की तपासणीतून बाहेर पडणारी वाट दुकानांच्या मधूनच पुढे जावी.

भाव कोण ठरवतो?

विमानतळावरच्या महागाईला सरसकट नफेखोरी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण दुकानदाराची बाजू ऐकली तर चित्र थोडे बदलते. विमानतळावरचा गाळा मोंढ्यातल्या गाळ्यासारखा ठरावीक भाड्याने मिळत नाही. निविदा निघते. साधारण पद्धत अशी की दुकानदाराने विमानतळाला एक किमान हमी रक्कम द्यायची किंवा विक्रीतील ठरावीक टक्के हिस्सा द्यायचा. दोहोंपैकी जे अधिक असेल ते. जो अधिक देऊ करील त्याला गाळा. शिवाय माल आत नेताना त्याची तपासणी, प्रत्येक कामगाराची पोलीस पडताळणी आणि प्रवेशपत्र, रात्रपाळी, माल ठेवण्यास अपुरी जागा, हा सारा खर्च वेगळा. बाटलीच्या किमतीत पाण्याचा वाटा किती थोडा असेल याची कल्पना यावरून यावी.

विमानतळ चालविणारी कंपनीही हा पैसा एकटी गिळत नाही. दिल्ली आणि मुंबई विमानतळांचे २००६ मध्ये खासगीकरण झाले तेव्हा ज्या निविदा मान्य झाल्या, त्यांनुसार दिल्लीच्या कंपनीने महसुलाचा ४५.९९ टक्के तर मुंबईच्या कंपनीने ३८.७ टक्के हिस्सा भारतीय विमानतळ प्राधिकरणाला द्यायचा होता. म्हणजे शंभर रुपये आले की सरकारी प्राधिकरणाचे जवळजवळ निम्मे किंवा एक तृतीयांशाहून अधिक आधीच बाजूला. मार्च २००८ मध्ये सुरू झालेल्या हैदराबादच्या नव्या विमानतळाच्या करारातील शुल्क त्या मानाने फारच कमी, ४ टक्के आहे. तरी तेथे दुकानांतील भाव मोंढ्यासारखे आहेत, असे कोणी म्हणणार नाही. यावरून सरकारी हिस्सा हे महागाईचे एक कारण असले तरी एकमेव कारण नव्हे, हे उघड आहे.

खरी मेख पुढे आहे. विमानतळाच्या उत्पन्नाचे दोन कप्पे असतात. विमान उतरविण्याचे आणि उभे करण्याचे शुल्क, प्रवाशाच्या तिकिटात धरलेले विकास शुल्क इत्यादी एका कप्प्यात. दुकाने, उपाहारगृहे, वाहनतळ, जाहिराती दुसऱ्या कप्प्यात. पहिल्या कप्प्यातील मोठ्या विमानतळांचे दर २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरविते. दुसऱ्या कप्प्यावर नियामकाचा अंकुश नाही. तेथे बाजार ठरवील तो भाव. पण दोन्ही कप्प्यांच्या मधल्या भिंतीला एक भोक आहे. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणाने असे ठरविले की दुसऱ्या कप्प्यातील उत्पन्नाचा ३० टक्के भाग पहिल्या कप्प्यातील शुल्क कमी करण्यासाठी धरावा. विमान कंपन्यांना उतरण्याचे शुल्क कमी पडावे, तिकीट स्वस्त व्हावे, हा त्यामागचा हेतू. उरलेले ७० टक्के विमानतळ चालकाचे.

हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण त्याचा अर्थ पाहिला पाहिजे. तपासणीपलीकडच्या दुकानात जो प्रवासी पाणी, चहा, अ‍ॅडाप्टर विकत घेतो, तो विमानात बसलेल्या सर्वांच्या शुल्काला थोडासा हातभार लावतो. आणि हा घेणारा कोण? महिन्यातून चार वेळा विमानाने हिंडणारा व्यवस्थापक बहुधा तो नसतो. त्याच्या बॅगेत अ‍ॅडाप्टर कायम पडलेला असतो, त्याला रिकामी बाटली आत नेऊन भरता येते हे ठाऊक असते, आणि त्याच्या क्रेडिट कार्डावर विश्रामकक्षात नाममात्र रुपया-दोन रुपयांच्या व्यवहारात भरपेट जेवण मिळते. दुकानासमोर पाकीट काढून उभा राहतो तो पहिल्यांदा निघालेला मजूर, मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेली आई, पोराला सोडायला आलेले आणि प्रवेशद्वाराबाहेरच्या ठेल्यावर चहा पिणारे अख्खे कुटुंब. ज्याला कमी ठाऊक तो अधिक मोजतो. अज्ञानावर बसविलेला हा एक करच म्हणायचा. फक्त त्याची पावती जीएसटीसकट मिळते.

छापील किंमत आणि पळवाट

आता वाचक विचारील, छापील कमाल किमतीचा कायदा आहे ना? आहे. २००९ चा वैध मापन कायदा आणि त्याखालचे २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम सांगतात की बंद पाकिटातील वस्तू छापील कमाल किमतीपेक्षा अधिक दराने विकता येत नाही. विमानतळ त्याला अपवाद नाही. पूर्वी एकाच पाण्याच्या बाटलीवर बाजारासाठी एक आणि विमानतळ, चित्रपटगृह यांच्यासाठी दुसरी किंमत छापली जाई. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अनुचित व्यापारी प्रथेचा अवलंब करून एकसारख्या वस्तूवर दोन निरनिराळ्या किमती छापण्यास मनाई केली.

मनाई आहे ती 'एकसारख्या' वस्तूवर. पाण्याचा ब्रँड बदलला, बाटलीचा आकार बदलला, 'नैसर्गिक झऱ्याचे' असे दोन शब्द वाढले, की ती वस्तू वेगळी आणि तिची किंमतही वेगळी. कायदा मोडला जात नाही आणि तहानही स्वस्तात भागत नाही. बिस्किटांचे पाच रुपयांचे पुडके तेथे ठेवलेच जात नाही. मोठा डबा असतो. दाढीच्या सामानाचा छोटा पुडा नसतो, जिपरच्या पिशवीतला देखणा संच असतो. छापील किमतीपेक्षा एक पैसाही अधिक न घेता दुकानदार भाव वाढवू शकतो, कारण काय ठेवायचे हे त्याच्या हाती आहे.

उपाहारगृहात तर तेवढेही बंधन नाही. हॉटेल आणि उपाहारगृहे ही केवळ वस्तूची विक्री करत नाहीत तर सेवा देतात, म्हणून तेथे बाटलीबंद पाण्यासाठी छापील किमतीपेक्षा अधिक घेता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. टेबल-खुर्ची, वातावरण, वाढणारा माणूस यांचे मोल त्यात धरले आहे. विमानतळावर मात्र पुष्कळदा प्रवासी स्वतःच रांगेत उभा राहतो, स्वतःच ट्रे उचलतो आणि बसायला जागा शोधत हिंडतो. यात 'सेवा' कोणती, हा प्रश्न एखाद्या ग्राहक मंचापुढे कोणीतरी चिकाटीने मांडण्यासारखा आहे.

औषधांचे मात्र तसे नाही आणि हे प्रवाशांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखालील यादीत असलेल्या औषधांची कमाल किंमत ठरलेली असते. तापाची साधी पॅरासिटामॉल गोळी धर्माबादच्या औषध दुकानात आणि विमानतळावरच्या औषध दुकानात कमाल मर्यादेच्या एकाच नियमाखाली येते. मळमळ, डोकेदुखी, जुलाब यांच्या गोळ्या घेताना विमानतळ म्हणून घाबरण्याचे कारण नाही. छापील किंमत वाचावी आणि तेवढीच द्यावी. अधिक मागितल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

विमानतळाचा चहा हा विषय गाजला तो मार्च २०१८ मध्ये. माजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी चेन्नई विमानतळावर चहाचा दर १३५ रुपये आणि कॉफीचा १८० रुपये ऐकून आपण चहा घेतलाच नाही, असे समाजमाध्यमावर लिहिले. देशाचा अर्थसंकल्प मांडणारा माणूस दर ऐकून मागे फिरला, म्हटल्यावर चर्चा होणारच. त्याच वर्षी महाराष्ट्रात मल्टिप्लेक्समधील खाद्यपदार्थांच्या दरांवरून आंदोलने झाली, उच्च न्यायालयात प्रकरण गेले. विमानतळाविषयी मात्र कोणी रस्त्यावर उतरले नाही. विमानाने जाणारा माणूस आंदोलन करत नाही आणि आंदोलन करणारा विमानाने फारसा जात नाही, असे तेव्हा थट्टेने म्हटले जाई. ते आता पुरते खरे राहिलेले नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत हा विषय पुन्हा निघाला आणि त्याच महिन्यात कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला. चहा १० रुपये, पाणी १० रुपये, कॉफी आणि समोसा प्रत्येकी २० रुपये. फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईत दुसरा निघाला. त्याचे उद्घाटन करणारे नागरी विमान वाहतूक मंत्री के. राममोहन नायडू हे तेलुगू देसमचे. धर्माबादकरांना 'नायडू' म्हटले की दुसरेच आठवते. जुलै २०१० मध्ये बाभळी बंधाऱ्यावर चालून आलेल्या चंद्राबाबू नायडू यांना अटक करून येथील आयटीआयमध्ये ठेवण्यात आले होते, आणि २०१८ मध्ये त्याच प्रकरणात धर्माबादच्या न्यायालयाने त्यांच्यावर वॉरंट काढले होते. त्यांच्याच पक्षाच्या मंत्र्याने दहा रुपयांचा चहा सुरू केला, ही बातमी येथे चवीने वाचली गेली, यात नवल नाही.

या कॅफेचे स्वागत केले पाहिजे. पण त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. प्रारंभ प्राधिकरणाच्या ताब्यातील विमानतळांपासून झाला. खासगी कंपन्यांच्या विमानतळांना तो आपोआप बांधील करत नाही. शिवाय तो खाण्यापिण्यापुरता आहे. विसरलेला टूथब्रश, बॅगेचे कुलूप, चार्जरची वायर, लहान बाळाचे डायपर, सॅनिटरी पॅड, या वस्तूंसाठी 'यात्री' दुकान कोणी काढलेले नाही. चहा नाकारून चिदंबरम यांना पुढे जाता आले. पाळी आलेल्या मुलीला किंवा रडणाऱ्या बाळाच्या आईला तसे पुढे जाता येत नाही.

फलाटावरून दिसणारे विमानतळ

अशा वेळी तुलना आठवते ती रेल्वेची. प्रवासात लागणाऱ्या वस्तूंचे दुकान ही कल्पनाच मुळी रेल्वेने रुजविली. लंडनच्या यूस्टन स्थानकावर डब्ल्यू. एच. स्मिथचे पुस्तकांचे दुकान १८४८ मध्ये निघाले. अलाहाबादला १८७७ मध्ये ए. एच. व्हीलर कंपनी सुरू झाली आणि तिची पिवळट दिव्याखालची लाकडी दुकाने उत्तरेपासून मराठवाड्यापर्यंत फलाटांचा भाग झाली. विमानतळाने त्यात करमुक्त दुकानाची भर घातली. आयर्लंडमधील शॅनन येथे १९४७ मध्ये पहिले असे दुकान निघाले. करमुक्ततेची कल्पना श्रीमंत प्रवाशाला थांबवून खर्च करायला लावण्याची होती आणि विमानतळाचे दुकान आजही त्याच वळणाने चालते. रेल्वेचे दुकान गरजवंतासाठी, विमानतळाचे दुकान हौशीसाठी. आता विमानात गरजवंत बसू लागले, पण दुकान हौशीचेच राहिले.

धर्माबादच्या स्थानकावर 'रेल नीर' कमाल किमतीच्या आत मागण्याचा प्रवाशाला हक्क आहे. लिटरच्या बाटलीची किंमत १५ रुपये होती. जीएसटी दर घटल्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ती १४ रुपये झाली. एका रुपयाची कपात, पण देशभर एकाच दिवशी. सर्वसाधारण डब्यातील प्रवाशांसाठी २० रुपयांचे जेवण २०२३ मध्ये आले. एसटी महामंडळाने अधिकृत थांब्यांवर ३० रुपयांत चहा-नाश्त्याची योजना आणली. फलाटावर सारे सुरळीत असते असे नव्हे. थंड करण्याचे म्हणून जादा पैसे उकळणारे विक्रेते कोणी पाहिले नाहीत? तरी भाव ठरलेला असतो आणि भांडायला आधार असतो. विमानतळावर भांडायला काही आधारच नसतो, कारण बिल नियमाप्रमाणेच असते.

परदेशात यावर तोडगे निघाले आहेत. न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर २०२१ मध्ये एका प्रवाशाने बिअरच्या २७ डॉलरहून अधिक दराचे छायाचित्र प्रसिद्ध केले. चौकशी झाली, काही ग्राहकांकडून खरोखरच अवाच्या सवा घेतल्याचे निघाले. २०२२ मध्ये तेथील बंदर प्राधिकरणाने शहरातील दुकानांच्या भावापेक्षा १० टक्क्यांहून अधिक घेता येणार नाही, असे बंधन स्पष्ट शब्दांत घातले. अमेरिकेतील पोर्टलंडच्या विमानतळाने तर शहरातला भाव तोच विमानतळावरचा भाव, हे धोरण अनेक वर्षे चालविले आणि त्याची जाहिरातही केली. भांडवलशाहीचे माहेर म्हणविणाऱ्या देशात हे चालते, तर येथे गाळ्याच्या निविदेतच वीस-पंचवीस आवश्यक वस्तूंची यादी आणि त्यांच्या सर्वसाधारण बाजारातील किमतीशी बांधलेली मर्यादा घालणे अशक्य का असावे? दुकानदार हमी रक्कम थोडी कमी देऊ करील. विमानतळाच्या उत्पन्नात थोडी घट येईल. ३० टक्क्यांच्या हिशेबाने शुल्कावर होणारा परिणाम सर्व प्रवाशांत वाटला जाईल आणि तो तसाच वाटला जाणे अधिक न्याय्य होय. नव्या विमानतळांचे करार होत असताना हा मुद्दा घातला तर त्याला फारसे काही लागत नाही. जुन्या करारांत तो घुसविणे मात्र अवघड आहे.

तोवर धर्माबादच्या माणसाने काय करायचे? देशांतर्गत विमानात घरचे कोरडे खाणे नेता येते, हे अनेकांना माहीतच नसते. पोळी, चटणीची वडी, चिवडा, लाडू यांना कोणी अडवत नाही. मल्टिप्लेक्सप्रमाणे विमानतळावर बाहेरच्या खाण्यावर बंदी आहे, हा समज दुकानांना सोयीचा आहे. रिकामी बाटली तपासणीतून जाते आणि आत पिण्याच्या पाण्याची सोय असते. ती शोधावी लागते, कारण तिच्यावर झगमगता फलक नसतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत कोणताही द्रवपदार्थ १०० मिलीलिटरपेक्षा मोठ्या डब्यात चालत नाही. २००६ मध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यापासून हे बंधन आले. लोणचे, तूप, तेल मोठ्या बॅगेत घट्ट बांधून द्यावे. तिखटही तेथेच. मोबाइल चार्ज करण्याची पॉवर बँक मात्र नेमकी उलट. ती हातातल्या बॅगेतच लागते, मोठ्या बॅगेत चालत नाही.

सर्वांत फसवी वस्तू म्हणजे खोबरे. मसाल्यासाठी खोबऱ्याच्या वाट्या बांधून देणे ही आपल्याकडची रीत. पण सुके खोबरे तेलकट असते, आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत त्याची गणना होते आणि मोठ्या बॅगेतून ते काढून टाकले जाते. शबरीमलाच्या यात्रेकरूंना नारळ हातातल्या सामानात नेण्याची सवलत २०२४-२५ च्या यात्राकाळासाठी खास आदेशाने द्यावी लागली होती, यावरून नियमाचा कडकपणा ध्यानी यावा. खोबरे घरीच भाजून, कुटून, मसाल्यात घालून मोठ्या बॅगेत द्यावे, हे बरे.

परकीय चलनाचेही तसेच. विमानतळावरच्या खिडकीवर दर बहुधा सर्वांत वाईट मिळतो, कारण तेथेही गिऱ्हाईक अडलेले असते. बँकेतून किंवा अधिकृत चलन विक्रेत्याकडून आधीच घ्यावे. रोख रकमेने ५० हजार रुपयांपर्यंतचेच परकीय चलन घेता येते आणि देशाबाहेर जाताना भारतीय नोटा २५ हजार रुपयांहून अधिक नेता येत नाहीत. शमशाबादला पोहोचल्यावर हे कळून उपयोग नसतो.

आणि वजन. देशांतर्गत विमानात सामान्यतः मोठ्या बॅगेला १५ किलो आणि हातातल्या बॅगेला ७ किलो मुभा असते. विमानतळाच्या काउंटरवर बॅग उघडून, कपडे उपसून, वडिलांच्या पिशवीतले मुलाच्या पिशवीत कोंबणारी कुटुंबे हे रोजचे दृश्य आहे. वास्तविक ज्या गावाचा व्यवहार वजनकाट्यावर चालतो, तेथल्या माणसाला हे व्हायला नको. मोंढ्यात काट्यांची काय वाण आहे?

आखातात गेलेल्या त्या मुलाच्या धाकट्या भावाचेही आता कागद झाले आहेत. या वेळी वडिलांनी बॅग अडतीच्या काट्यावर घालून पाहिली. बावीस किलो भरली. विमान कंपनीची मुभा किती हे तिकिटावर वाचून त्यांनी दोन जोडे काढून ठेवले. तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडाप्टर निजामाबादहून आणवला आहे. तिखटाची पुडी आईने तिहेरी प्लास्टिकमध्ये बांधून, वरून जुन्या साडीचा तुकडा गुंडाळून, मोठ्या बॅगेच्या मध्यभागी बसवली. खांद्यावरच्या पिशवीत रिकामी बाटली आहे. तिचे झाकण तेवढे हरवले होते, ते स्टेशनाजवळच्या दुकानात मिळाले.